मूळ कागद कोरा होतो का?

१

"आई, प्रत काढली म्हणून मूळ कागद कोरा होतो का?"

शनिवारची अर्धी शाळा आटोपून भिंगरी घरी आली होती, ताटं वाढली होती, आणि पहिला घास उचलायच्या आधीच तिनं हा प्रश्न टाकला. पैज होती ना! सोमवारी शाळेत वादविवाद होता, विषय ‘पेटंट आणि कॉपीराइट कायमचे रद्द करावेत’, आणि भिंगरी त्याच बाजूनं बोलणार होती. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी तिला घेरलं होतं. "तुझी आई शोध लावते ना? मग हिंमत असेल तर तिलाच विचार की!" गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानासुद्धा भिंगरीचा आवाज बाकाखाली लपून बसायचा. या वर्षी तो बाहेर आला होता आणि आता काही केल्या आत जायला तयार नव्हता. त्यामुळे हिंमतीवरून तिला डिवचणं म्हणजे भुईचक्राला काडी लावण्यासारखंच होतं.

"म्हणजे बघ ना," ती हातवारे करत म्हणाली, "तुझी कडी उद्या कुणी बघून बघून बनवली, तर तुझ्याकडची कडी गायब होते का? नाही होत! मग चोरी कसली? कागद जागेवर, कडी जागेवर, डोकं जागेवर..."

आईच्या हातातला डाव भांड्यावर तसाच थांबला. बाबांनी तोंडाला लावलेला पेला न पिताच खाली ठेवला.

"हे तुला कुणी सांगितलं?" आईनं विचारलं. अगदी हळू. ती ओरडली असती तर भिंगरी मुळीच घाबरली नसती.

"कुणी म्हणजे... पैज होती गं."

"कुणी सांगितलं, भिंगरे? कारण मी सकाळी खण उघडला. कडीचा नकाशा खणात नाहीये."

२

घर वरच्या मजल्यावर आणि आईचं वर्कशॉप खाली. एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तेलाचा वास आणि भिंतीवर मापानुसार टांगलेले पाने. बाबांचं झेरॉक्सचं दुकान चार गल्ल्या सोडून, शाळेच्या फाटकासमोर. ‘ही नवं घडवते आणि तो त्याच्या प्रती काढतो’, असं अख्खा मोहल्ला चेष्टेनं म्हणायचा, आणि बाबाच सगळ्यांत जास्त हसायचे.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलता उचलता आईची कंबर धरली. तेव्हापासून दोन वर्षं आई एकाच गोष्टीच्या मागे होती. माणसाला झोळीत घालून पलंगावरून उचलणारी यंत्रं बाजारात होतीच. आईनं शोधली ती झोळी आणि यंत्र जोडणारी कडी. वजन पडलं की आपोआप मिटणारी आणि वजन निघालं की एका हातानं उघडणारी. आजी गेली, कडी राहिली. येत्या सोमवारी अकरा वाजता वकीलबाई तिच्या पेटंटचा अर्ज दाखल करणार होत्या.

"शेवटचा कधी पाहिलास?" भिंगरीनं विचारलं. तिनं वही उघडलीसुद्धा होती.

"गेल्या सोमवारी दुपारी. स्वतः खणात ठेवला. कुलूप शाबूत आहे, आणि किल्ली..."

"...कॅलेंडरमागच्या खिळ्याला. जे अख्ख्या जगाला माहीत आहे."

"अख्ख्या नाही. घरातल्यांना. मिस्त्रींना. तुझ्या काकाला. आणि फिजिओताईला, ती मागेच म्हणाली होती की किल्ली काय अशी ठेवतात!"

भिंगरीनं नावं लिहिली. लेथवरचे मिस्त्री, कारण अर्जात आपलंही नाव हवं म्हणून ते महिनाभर गाल फुगवून होते. काका यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरायचा, ‘वहिनी, एखाद्या बड्या कंपनीला विकून टाक’ असं दर रविवारी म्हणायचा. आजीला व्यायाम द्यायला येणाऱ्या फिजिओताईला आपल्या रुग्णांसाठी कडी आत्ताच्या आत्ता हवी होती, आणि आई म्हणायची, अर्ज होईपर्यंत एकही नाही. मग तिनं ‘बाबा’ लिहिलं आणि लगेच खोडलं. बाबांना अख्खा कागद न्यायची गरजच काय? मशीन हाताशी आहे, प्रत काढतील आणि जागच्या जागी ठेवतील. कागद नाहीसा झालाय म्हणजे चोर मशीन नसलेला. वा! भिंगरी स्वतःवर खूश झाली.

"बरं झालं तर मग," ती म्हणाली. "नकाशा काय, तू पुन्हा काढशील. तुझ्या डोक्यात आहेच."

आईनं तोंडावरून पदर फिरवला. "तुला कळत नाहीये. त्या कागदावर एक आकडा खोटा आहे."

"म्हणजे?"

"मला लेथ शिकवणाऱ्या उस्तादांची रीत. कागद कधीही बाहेर जाऊ शकतो, म्हणून त्यात एक खोट ठेवायची. चोरणाऱ्याची वस्तू जुळूच नये. मी कडीतल्या खिळीची जाडी खोटी लिहिली. खरी आठ मिलिमीटर. कागदावर पाच."

"मग जुळणारच नाही. छान की!"

"मलाही तसंच वाटलं होतं. पाचाची खीळ आठाच्या भोकात खुळखुळेल आणि तो कंटाळून सोडून देईल." आई आपल्या हातांकडे पाहत होती. "आज सकाळपासून विचार करतेय. हात कुशल असेल तर तो भोकही पाचाचंच पाडेल. मग कडी जुळेल. छान मिटेल, छान उघडेल. माणूस उचलेल."

"आणि?"

"पहिल्यांदा उचलेल. दहाव्यांदा उचलेल. मग कधीतरी खीळ वाकेल आणि निसटेल. झोळीत जो कुणी असेल, तो..."

वाक्य पुरं झालंच नाही. बाबा ताटावरून उठले होते. हातही न धुता.

"दुकान उघडायला हवं," ते म्हणाले.

शनिवारी दुकान चारला उघडतं. आत्ता दीड वाजला होता. जिन्यावरून बाबांची पावलं उतरली, एक टपटप आणि एक सपसप, जणू दोन वेगवेगळी माणसं उतरत होती. भिंगरी खिडकीतून वाकून पाहते तो काय! बाबांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात आईची.

३

मिस्त्री शनिवारीही यायचे. लेथपाशी पाठमोरे बसून डबा खात होते. भिंगरीनं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही घेतलात का हो नकाशा?"

दुसरा कुणी असता तर भडकला असता. मिस्त्रींनी आधी घास गिळला. "मी? अगं पोरी, तुझ्या आईचे आणि माझे उस्ताद एकच. मी तो कागद चोरला असता तर पहिल्या दिवशी काय केलं असतं, सांग?"

"काय?"

"खोट शोधली असती! मापपट्टी घेऊन प्रत्येक आकडा तपासला असता. तू एवढंच कर. कुठे पाचाची खीळ घातलेली कडी सापडली ना, तर समज की ज्यानं कागद बाहेर काढला त्याला आमची रीत ठाऊक नाही. म्हणजे मी नाही." मग त्यांनी डबा बाजूला सारला आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "पण सापडू नये बाबा. पाचाची? माणसाच्या वजनाला? कुणाच्या घरात टांगली असेल तर... देवा!"

फिजिओताईला फोन लावला, तर ती उलट हिच्यावरच उखडली. "मी मागितली होती, उघड उघड, चार माणसांसमोर मागितली होती! चोरायची असती तर आधी मागून ठेवली असती का? आणि सोमवारी सकाळपासून काल रात्रीपर्यंत मी शिबिरात होते, पन्नास माणसं साक्षीला आहेत." खरंच होतं. सोमवारी दुपारी नकाशा खणात होता. ताई सकाळीच गेली होती.

उरला काका. पण त्याचा फोन लागेना.

आणि तेव्हा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, भिंगरीच्या डोक्यात आईचा प्रश्न पुन्हा वाजला. हे तुला कुणी सांगितलं? आई घाबरली होती म्हणून तो विचारला, हे खरं. पण प्रश्न चांगला होता! ‘प्रत काढली म्हणून मूळ कागद कोरा होतो का’ हे वाक्य काही पोरींना मधल्या सुट्टीत सुचणारं नव्हतं. पोरींना सुचतं ते ‘चोरी ती चोरी, तिखट ती मिरची’ असलं काहीतरी. हे कुठल्या तरी मोठ्या माणसाचं, विचार करून झिजलेलं वाक्य होतं. ते मधल्या सुट्टीत आणलं कुणी? शेजारच्या बाकावरच्या चष्मिसनं.

तिनं चष्मिसला फोन लावला.

"ते? ते आई म्हणाली होती," चष्मिस काहीतरी चघळत म्हणाली. "अगं, येतेस का? मजा दाखवते. आमच्या आजोबांना उचलायला यंत्र आलंय! नुसतं दांडा फिरवायचा, आजोबा वर! आत्ता आंघोळीसाठी उचलणारच आहोत."

भिंगरी जिन्यावर ताडकन उभी राहिली.

"उचलू नका!" ती ओरडली. पण चष्मिसनं तोवर फोन ठेवला होता.

४

चष्मिसचं घर नेहमी सात मिनिटांवर. त्या दिवशी ते किती मिनिटांवर होतं, भिंगरीला कधीच सांगता आलं नाही. धावताना तिला फक्त आजोबा दिसत होते. थोराड हाडाचे, पक्षाघातानंतर एक शब्द न बोलणारे, डोळ्यांनी सगळं बोलणारे आजोबा. फोन पुन्हा लावला, वाजत राहिला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत चष्मिसची आई दांडा फिरवत होती, चष्मिस झोळी सावरत होती आणि आजोबा पलंगापासून हातभर वर, झोळीत, बाळासारखे. वर निळ्या रंगानं रंगवलेल्या दोन कड्या. सुंदर. हुबेहूब आईच्या.

टक्.

बारीकसा आवाज. चष्मिसला ऐकूही आला नाही. पण वर्कशॉपच्या डोक्यावर वाढलेल्या पोरीला लोखंडाचं रडणं ओळखू येतं.

"काकू, खाली घ्या! खाली! आत्ता!"

"अगं, किती घाबरवलंस! हे बघ, कालपासून चार वेळा..."

"खाली घ्या हो!" भिंगरी झोळीखाली घुसली आणि दोन्ही हात वर लावून उभी राहिली. जणू तिच्या हातांनी काही होणार होतं! आजोबांनी आपल्या चालणाऱ्या हातानं तिचं मनगट धरलं. घट्ट. त्यांनीही तो आवाज ऐकला होता, हे तिला त्या पकडीतून कळलं. चष्मिसची आई उलटा दांडा फिरवू लागली. एक फेरा. दुसरा. टक्. तिसरा. झोळी गादीला टेकली, आणि टेकता टेकताच उजवी कडी फाकली आणि खीळ फरशीवर पडून घरंगळत गेली.

चष्मिसनं आजोबांच्या अंगाखालची झोळी घाईघाईनं सोडवली.

भिंगरीनं खीळ उचलली. केळ्यासारखी वाकली होती. तिनं खिशातली पेन्सिल काढून शेजारी धरली. आईची खरी खीळ पेन्सिलीपेक्षा जाड असते. ही पेन्सिलीपेक्षा बारीक होती.

"वेल्डरदादानं दिली गं," चष्मिसची आई भिंतीला टेकून खालीच बसली. "त्याच्या आईसाठी बनवली, मग शेजारपाजाऱ्यांनी मागितली. आमची अकरावी जोडी. मी विचारलं, दुसऱ्याचा शोध असा घ्यावा का? तर तो म्हणाला, ज्यांनी कागद दिला तेच म्हणाले, प्रत काढली म्हणून मूळ कागद कोरा होतो का!"

"कुणी दिला कागद?"

"नाव नाही सांगणार म्हणाला. शब्द दिलाय म्हणे."

"आता कुठे आहे तो?"

"दोन गावं सोडून गेलाय पोचवायला. फोन बंदच असतो त्याचा. आणि त्यानं कागदाचा फोटोपण पाठवलाय म्हणे, लांबलांबच्या वेल्डरांना. पुण्यकर्म म्हणून."

अकरा जोड्या. आणि लांबलांबचे किती, देव जाणे. तेवढ्यात तिला पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीनं लावलेला कागद दिसला. जोडायचं कसं, ते दाखवणारा. आईचा नकाशा. प्रतीची प्रत, फिकट झालेली. आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर लांबीची एक तिरकी, केसाएवढी रेघ.

ती रेघ आईनं काढलेली नव्हती. ती रेघ भिंगरीनंच काढली होती. सहा वर्षांची असताना, आईचा काच कापायचा हिरा घेऊन, बाबांच्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर.

५

दुकान अर्धं उघडं होतं. आत काका स्टुलावर बसून वारा घेत होता.

"तू? बाबा कुठेत?"

"मलाच विचार! दीडला आला, किल्ली माझ्या हातात कोंबली, म्हणाला, बस जरा. पायात एक चप्पल वहिनीची! फोन घरी विसरलोय मी, नाहीतर तुलाच लावणार होतो. काय गं, दादाला बरं नाहीये का?"

भिंगरीनं काकाकडे नीट पाहिलं. आतापर्यंत सगळं काकावर येत होतं. रेघ सांगत होती की प्रत याच दुकानात निघाली. मंगळवारी सकाळी बाबा कागदाची रिमं आणायला ठोक बाजारात जायचे, तेव्हा दुकान काकाच उघडायचा. काकाला खोट माहीत नव्हती. काकाला कडी विकायची होती. काका, काका, काका! पण काकानं चोरला असता तर फुकटात वेल्डरला का दिला असता? काका तर आईस्क्रीमचा चमचासुद्धा फुकट देत नाही.

"मंगळवारी तू इथे होतास," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आईचा नकाशा पाहिलास का?"

"नकाशा? नाही बुवा."

समोरच्या भिंतीवर बाबांच्या अक्षरात पाटी होती, ‘काचेवरचा आपला मूळ कागद विसरू नये’. लोक रोज विसरायचे. दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखले, कुणाचं तर घटस्फोटाचं पत्र. प्रती मोजून घ्यायचे आणि मूळ काचेवर ठेवून निघून जायचे. बाबा रस्त्यापर्यंत हाका मारत पळायचे. आणि जे सापडायचे नाहीत त्यांचे कागद पिवळ्या फाईलीत जायचे, वर चिठ्ठी टाचून, कुठल्या दिवशी, किती वाजता.

भिंगरीची नजर पाटीवरून फाईलीवर गेली. तिथून मशीनवर. पुन्हा फाईलीवर.

कागद नाहीसा झालाय म्हणजे चोर मशीन नसलेला, असं तिनं ठरवलं होतं. पण मशीनवाल्याकडूनच तर कागद नाहीसा होतो! रोज! या दुकानात!

तिनं फाईल ओढली. गुणपत्रिका, वीजजोडणीचा अर्ज, कुणाचं लग्नाचं आमंत्रण. आणि चौथा कागद जाड, चार घड्यांचा, तेलाचा वास येणारा. आईचं अक्षर. वर टाचलेल्या चिठ्ठीवर काकाचं गिचमिड अक्षर, ‘मंगळवार, दुकान उघडल्याबरोबर’.

"हा होय?" काका डोकावला. "पालथा होता काचेवर. मी कशाला बघतोय? दादाचा नियम, न वाचता फाईलीत टाकायचं."

काखेत कळसा! पण भिंगरीला हसू आलं नाही. चोरलेला कागद कुणी स्वतः चिठ्ठी टाचून फाईलीत लावत नाही. म्हणजे काका नाही. मंगळवारी दुकान उघडताच कागद काचेवर होता, म्हणजे सोमवारी दुकान बंद करताना शेवटची प्रत त्याचीच निघाली. आणि सोमवारी संध्याकाळी दुकान बंद कुणी केलं?

दुकान रोज संध्याकाळी एकच माणूस बंद करतो.

मागून आवाज आला. टपटप, सपसप.

६

बाबा उंबऱ्यात उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आणि चेहरा असा की भिंगरीनं तो आयुष्यात पाहिला नव्हता. आपले बाबा घाबरू शकतात, हीच तिला जगातली सगळ्यांत भीतीदायक गोष्ट वाटली.

"वेल्डरचं शटर बंद आहे," ते कुणालाच उद्देशून म्हणाले. "दोनदा जाऊन आलो. एसटीच्या थांब्यावर जाऊन आलो." मग त्यांना तिच्या हातातला कागद दिसला. "कुठे मिळाला?"

"विसरलेल्यांच्या फाईलीत."

बाबा स्टुलावर बसले. काका गुपचूप बाहेर जाऊन उभा राहिला.

"तो त्याच्या आईच्या दवाखान्याच्या कागदांच्या प्रती काढायला यायचा," बाबा म्हणाले. "रोज. पाठीला जखमा झाल्या होत्या तिच्या, कारण तिला नीट उचलताच येत नव्हतं. आणि मला आजी आठवायची. घरात खणात उपाय पडलाय आणि हा माणूस माझ्यासमोर रडतोय. मी म्हटलं, एक प्रत. एकच. त्यात हिचं काय जाणार? सोमवारी त्याला प्रत दिली, तो पाया पडायला लागला, मी त्याला उठवलं, गडबडीत शटर ओढलं... आयुष्यभर लोकांना सांगतोय, मूळ कागद विसरू नका. मंगळवारी आलो तर काच रिकामी. वाटलं, गेला कुणाबरोबर तरी."

"काकाला विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि फाईल... ती लोकांच्या विसरण्याची फाईल, भिंगरे. माझा कागद तिच्यात असेल, हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "खोटेचं मला खरंच माहीत नव्हतं गं. दोन वर्षं तिच्या शेजारी जेवतोय. मला नव्हतं माहीत."

भिंगरीनं खिशातून वाकलेली खीळ काढून काउंटरवर ठेवली. बाबांनी ती पाहिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"पडलं कुणी?"

"नाही. थोडक्यात."

७

वर्कशॉपमध्ये संध्याकाळचं तिरकं ऊन लेथवर पडलं होतं. बाबांनी सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. आईनं एकदाही मध्ये तोडलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला? ती फक्त वाकलेली खीळ बोटांत फिरवत राहिली.

"विचारलं असतंस तर?" शेवटी ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. सोमवारपर्यंत थांब म्हणाले असते." तिचा आवाज फाटला. "दोन वर्षं रे! जाहीर झालं की नवेपणा संपला, वकीलबाई पहिल्या दिवसापासून सांगतायत. उद्या कुठलीही कंपनी बनवेल आणि मला ओळखही दाखवणार नाही."

आईनं स्पीकरवर वकीलबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, सोमवार अकरापर्यंत एक शब्द बाहेर काढू नका. नकाशा बाहेर फिरतोय हे तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल केलंत तर अर्ज उभाच राहणार नाही. अकरानंतर काय हवं ते सांगा.

"दोनच दिवस," फोन ठेवून आई म्हणाली. भिंगरीकडे न पाहता. "वेल्डर उद्यापर्यंत येईल. त्या अकरा आपण काढून घेऊ."

"आणि फोटोवरून बनवलेल्या?" भिंगरीनं विचारलं.

आई खीळ पुन्हा बोटांत फिरवू लागली.

"आई, एक विचारू? पेटंटचे कायदेच नसते, तर तू खोट ठेवली असतीस?"

"कायदे नसते तर सगळ्याच कागदांत ठेवली असती!" आई उसळली. "उस्तादांच्या हातात कुठे होते कायदे? म्हणून तर ही रीत पडली! कायदा हातात नसला की माणूस दात वापरतो. मला सोमवारी कायदा मिळणार होता."

"आणि सोमवारपर्यंत त्याची आई कुजत होती," बाबा हळूच म्हणाले.

"मग आता लोक पडतील ते चालेल तुला?"

दोघंही खरं बोलले होते. भिंगरीनं दुपारी केवढ्या तोऱ्यात तो प्रश्न टाकला होता! वाटलं होतं, उत्तर एका शब्दाचं आहे. आता ते उत्तर आईच्या तोंडावर दिसत होतं. दोन वर्षं, रात्री अकराला बंद होणारं ड्रिलिंग मशीन, कापलेली बोटं. आणि तिच्या स्वतःच्या मनगटावर आजोबांच्या चार बोटांचे लाल वळ अजून होते. टक्. तो आवाज कानातून जात नव्हता. आत्ता, या मिनिटाला, कुठल्या तरी गावात कुणीतरी दांडा फिरवत असेल. आंघोळीची नाही तर जेवणाची वेळ झाली असेल.

तिला भीती वाटत होती. आईची, आजोबांच्या डोळ्यांची, आणि आता जे बोलायचं होतं त्याची तर फारच. पण आवाज बाकाखाली गेला नाही.

तिनं आईच्या टेबलावरचा लाल पेन घेतला. नकाशा लेथवर पसरला. खिळीपाशी लिहिलेल्या पाचावर फुली मारली आणि शेजारी ठळक आठ लिहिले. आई उठली. हात पुढे केला. आणि तिची नजर भिंगरीच्या मनगटावर गेली. तो हात तसाच हवेत राहिला.

"आई, बाबा, ऐका," भिंगरी म्हणाली. "कागद कोरा होतो. तुझा तर आज होणारच आहे, आई, आणि सोमवारी मी स्टेजवर उभी राहून तेच सांगणार, वादविवाद हरले तरी चालेल. पण आत्ता मी दुकानात चाललेय. याच्या शंभर प्रती काढणार, वर लिहिणार ‘पाचाची खीळ वापरू नका, माणूस पडेल’, आणि काकाच्या गावोगावच्या ओळखीतून, जिथे जिथे तो फोटो गेलाय तिथे तिथे हा पाठवणार, खाली तुझं नाव टाकून. सोमवारची वाट बघणार नाही. तुम्ही येणार असाल तर चपला घाला, आपापल्या घाला. आणि काळजी करू नका. मूळ कागद मी काचेवर विसरणार नाही."